बीपीची गोळी मध्येच तुटू नये : परभणी जिल्ह्यासाठी काही मुद्दे

परभणी जिल्ह्यात बीपीचं औषध मिळत नाही, असं कुणी म्हणणार नाही. ॲम्लोडिपिनची गोळी जिंतूरला मिळते, पालमलाही मिळते आणि जनऔषधी केंद्रात ती रुपयाच्या आसपास पडते. तरीही गावोगाव पन्नाशीतली धडधाकट माणसं अंगावरून वारं जाऊन खाटेला खिळतात. त्यांतल्या अनेकांना आपल्याला बीपी आहे हेच ठाऊक नसतं. बाकीच्यांना ठाऊक असतं, पण गोळी कधीतरी सुटलेली असते. मला बोलायचंय ते या सुटलेल्या गोळीबद्दल. गोळी सुरू करून देणारे पुष्कळ आहेत. ती वर्षानुवर्षं चालू राहील हे पाहण्याचं काम मात्र आज कुणाच्याच अंगावर नाही. ते कुणी आणि कसं करावं, यासाठी हे मुद्दे.

१. दुखत नाही, हीच अडचण. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१.३ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी गोळी घेत होते. म्हणजे चार-पाच मोठ्या माणसांमागे एक. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० यांच्या पुढे राहिला, तर तो बीपी. पण हे माणसाला जाणवत नाही. ठिबकच्या नळीत दाब वाढला तर आवाज येत नाही, जोड उसवून पाणी साचलं की मगच कळतं, तसंच हे. म्हणून महिनाभर गोळी घेतल्यावर आपल्याकडचा माणूस म्हणतो, ‘आता बरं वाटायलंय की, कशाला खायची?’ बरं वाटतंय आणि आकडा उतरलाय तो गोळीमुळेच, हे त्याला पाच मिनिटं बसवून कुणी सांगितलेलं नसतं. ‘एकदा लागली की जन्मभर सुटत नाही’ ही भीतीही खरी आहे, तिची टिंगल करू नये. तिचं उत्तर असं की, गोळीचं व्यसन लागत नाही, आजार कायमचा असतो म्हणून गोळी कायमची. वजन उतरलं, मीठ कमी झालं, दारू सुटली तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात. कमी करायची की नाही, ते बीपी मोजून ठरतं.

२. आपला उन्हाळा आणि आपली थंडी. परभणीच्या हवामानाचा बीपीशी थेट संबंध आहे आणि तो रुग्णाला क्वचितच सांगितला जातो. उष्म्यात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं, बीपी उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४च्या पुढे जातो. त्या उन्हात धसकटं वेचणाऱ्या बाईला उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली की ती म्हणते, गोळीनं बीपी लो झाला. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हे घडण्याची शक्यता आणखी जास्त. मग एक सलाईन लावली जाते आणि गोळी बंद होते. तिच्या मात्रेचा विचार व्हायला हवा होता, हे खरं. पण तो न होता गोळीच गेली. पुढे डिसेंबर येतो. परभणीची थंडी महाराष्ट्रात नाव घेण्यासारखी, पारा पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो. रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतो आणि लकव्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो, नेमका त्या माणसाला, ज्यानं मेमध्ये गोळी सोडली आणि पुन्हा मोजूनच पाहिलं नाही. म्हणून माझी पहिली मागणी : मार्चअखेर आणि नोव्हेंबरात प्रत्येक उपकेंद्रावर नोंदलेल्या प्रत्येक बीपीच्या रुग्णाला बोलावून मोजावं आणि गोळीची मात्रा त्या ऋतूसाठी पाहून घ्यावी. याला नवी यंत्रणा लागत नाही. समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत, यंत्रही आहे.

३. टोळी निघते, गोळी राहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, जिंतूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या थेट पट्टा पडल्यावरच परततात. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत. उपकेंद्रावर गोळी मिळते महिन्याची. ती संपली की पुढची कुठून आणायची? पहाटे तीनला उठून गाडी भरायची असते. दवाखान्यात गेलं तर दिवस बुडतो, खाडा धरला जातो, उचल फिटत नाही. कोयत्याचं काम म्हणजे वाकून केलेलं अंगमोडीचं काम, त्यात अंगदुखीच्या गोळ्या आल्याच. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. या माणसांना ‘नियमित तपासणीला या’ असं सांगणं म्हणजे सल्ला देऊन हात झटकणं झालं. बीपी स्थिर असलेल्या रुग्णाला निघण्याआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात, पुढच्या तीन महिन्यांसाठी राज्यातल्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात चालेल असं कार्ड द्यावं आणि त्यावर औषधाचं नाव, मात्रा आणि शेवटचा आकडा मराठीत लिहावा. टोळ्या कोणत्या आठवड्यात निघतात ते गावात सगळ्यांना माहीत असतं. ग्रामपंचायतीनं त्याआधीच्या आठवड्यात तपासणीचा दिवस ठेवावा. ऊसतोड कामगारांसाठी राज्यानं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ काढलंय, कारखानेही आहेत. फडावर महिन्यातून एकदा बीपी मोजणारी परिचारिका पाठवणं त्यांना जड नाही.

४. पिशवी उपडी करून पाहा. माझ्या नात्यातल्या एका मावशींचे पाय सुजायला लागले. त्यांची औषधाची पिशवी, साडीच्या दुकानातली, घडी घालून कनवटीला खोचलेली, पलंगावर उपडी केली. एक पट्टी सरकारी केंद्रातली, ॲम्लोडिपिन. दुसरी खासगी डॉक्टरांनी लिहिलेली, वेगळ्या नावाची, रंगीत. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पुन्हा ॲम्लोडिपिनच. तिसरी अर्धी कापलेली पट्टी गुडघ्याची, ॲसिक्लोफिनॅक. चौथी कागदाची पुडी, आत तीन सुट्या गोळ्या, नाव नाही. पाचवी प्लास्टिकची डबी, कसलंसं चूर्ण, ‘बीपी-शुगरवर रामबाण’. मावशी पहिल्या दोन्ही गोळ्या रोज घेत होत्या. ॲम्लोडिपिननं काहींचे घोटे सुजतात, मात्रा वाढली की जास्तच. त्यांनी त्याचा दोष सगळ्याच गोळ्यांवर ठेवला होता आणि चूर्ण तेवढं चालू ठेवायच्या बेतात होत्या. सूज आली तर गोळी बदलता येते, टेल्मिसार्टनसारखी दुसरी देता येते. एकच औषध दोन नावांनी दोन वाटांनी घरात येतं आणि सांगणारा कुणी नसतो, हे मला मोठं काळजीचं वाटतं.

आणि ती गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा जोर कमी करतात आणि बरेच दिवस घेतली तर मूत्रपिंडाला इजा करतात. बीपीच्या माणसानं ती डॉक्टरला विचारल्याशिवाय रोज घ्यायची नसतात. शेतमजुरीच्या जिल्ह्यात मात्र ती गोळी चहाबरोबर घेतली जाते. नाक चोंदल्यावर घ्यायच्या सर्दीच्या काही गोळ्याही बीपी चढवतात. म्हणून दर भेटीत ‘पिशवी आणा’ हा नियम करावा. उपकेंद्रावर ती उपडी करावी, सारख्या पट्ट्या बाजूला काढाव्यात. मेडिकलवाल्यांनीही पाकिटावर मूळ औषधाचं नाव मराठीत ठळक लिहून द्यावं, एवढं तर परभणीची औषधविक्रेत्यांची मंडळी आपणहून करू शकतील.

५. पूरक ते पूरक. चूर्ण, काढे, कॅप्सूल यांच्याविरुद्ध मी नाही. मी मापाच्या बाजूनं आहे. आपल्या महाराष्ट्रातच याचं उत्तम उदाहरण आहे. सर्पगंधा ही वनस्पती वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत होते. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन आधीचे-नंतरचे आकडे मोजले आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्यानंतर जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातलं रिसर्पिन वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. झाडपाल्याचं औषध जगभर गेलं ते मोजून दाखवल्यामुळे. त्याच मोजणीतून हेही कळलं की, सर्पगंधा जास्त झाली तर मन खचतं, नाक चोंदतं, जठराला त्रास होतो. पुढे तिच्याहून सुरक्षित गोळ्या आल्या आणि ती मागं पडली. आज बाजारच्या दिवशी डबीतून विकल्या जाणाऱ्या चूर्णात सर्पगंधा आहे की नाही, असली तर किती, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

पूरकांचा हिशेबही मोजूनच मांडू. बीपीची एक साधी गोळी नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा सरासरी आठ-नऊनं उतरवते. मॅग्नेशियमच्या गोळ्यांनी तो दोन-एकानं उतरतो, तोही सगळ्यांत नाही. माशाच्या तेलाचं तसंच. लसूण, बीट यांनी थोडा फरक पडल्याचे छोटे अभ्यास आहेत. लसूण जेवणात खावा, चांगलाच आहे, पण १७० वरून १३० वर आणणं त्याच्या आवाक्यात नाही. पोटॅशियमची पूरकं टेल्मिसार्टन घेणाऱ्यानं किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं आपल्या मनानं घेतली, तर रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ज्येष्ठमधाबद्दल तर प्रत्येक घरात सांगायला हवं. खोकल्याला चिमूटभर चघळलं तर ठीक. रोज घेतलं तर ते शरीरातलं पोटॅशियम घालवतं, पाणी धरून ठेवतं आणि बीपी चढवतं. ‘शक्तीच्या’ कित्येक काढ्यांत ते असतं. डबीवरची यादी वाचायची ती यासाठी.

कायदा काय म्हणतो, तेही लोकांना माहीत असू द्या. औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४चा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत रक्तदाब आहे. ‘बीपी मुळापासून घालवू’ अशी भिंतीवरची पाटी, रिक्षावरचा भोंगा आणि व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ या कायद्यात बसतो. २०२४ मध्ये पतंजली आयुर्वेदला अशा जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात उभं राहावं लागलं आणि वर्तमानपत्रांत जाहीर माफीनामा छापावा लागला. मोठ्या कंपनीला जाब विचारता येतो, तर बाजारातल्या डबीवाल्यालाही अन्न व औषध प्रशासनाला विचारता येईल. ग्रामसभेनं ठराव करून लेखी तक्रार द्यावी.

पण एवढ्यावर थांबू नये. डबीवाला दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी येतो, नावानं हाक मारतो, ‘मागच्या वेळचं संपलं का?’ विचारतो. सरकारी गोळी कधी असते, कधी ‘पुढच्या आठवड्यात या’. लोक भोळे आहेत म्हणून चूर्ण खपतं, हे मला पटत नाही. गोळीच्या वाटेत खड्डे आहेत, म्हणून ते खपतं.

६. मीठ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत आपण सरासरी रोज आठ ग्रॅम मीठ खातो, असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते पाचाच्या आत. आपली ज्वारीची भाकरी यात निर्दोष आहे, तिच्या पिठात मीठ नसतं. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’सारखे ज्वारीचे वाण दिले, ती भाकरी सोडून मीठ घातलेली चपाती आणि पाव धरण्यात बीपीवाल्याचा तोटाच. मीठ येतं ते लोणचं, ठेचा, फरसाण यांतून आणि पापडातून. पापडात मीठ असतंच, वर पापडखारही असतो आणि तोही सोडियमच. सैंधव ‘चालतं’ हा गैरसमज आहे, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले : पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियमचं मीठ वापरणाऱ्यांत लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. असं मीठ आपल्याकडेही मिळतं, पण महाग. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावं.

७. साठ्याचं गणित. खरा घोळ इथं आहे, म्हणून थोडा आकडेमोडीचा त्रास देतो. नियमानं एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे साधारण ३० हजार लोकसंख्या धरतात. त्यात तिशीपुढची माणसं १३ हजार धरू. चारात एकाला बीपी असं हात राखून धरलं, तरी सव्वातीन हजार होतात. त्यांतल्या निम्म्यांनीच सरकारी केंद्रातून गोळी घ्यायची ठरवली, तर सोळाशे माणसं. काहींना एक, काहींना दोन, सरासरी दीड गोळी रोज. महिन्याला ७२ हजार गोळ्या. हा माझा अंदाज आहे, केंद्रागणिक बदलेल. आता आपल्या जवळच्या केंद्राचं मागणीपत्र मागून पाहा आणि हा आकडा शेजारी ठेवा.

मागणी बहुतेक वेळा मागच्या वर्षीच्या खपावरून केली जाते. मागच्या वर्षी तीन महिने गोळी नव्हती, म्हणून खप कमी दिसतो. खप कमी म्हणून यंदा मागणी कमी. मागणी कमी म्हणून गोळी लवकर संपते. लोक फेऱ्या मारून कंटाळतात आणि येणं सोडतात. कागदावर सगळं बरोबर असतं, टंचाई कुठंच दिसत नाही. राज्यात औषधखरेदी २०१७ पासून हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. खरेदी कुणीही करो, मागणीच चुकीची गेली तर गोळी येणार कुठून? म्हणून मागणी नोंदलेल्या रुग्णांवरून करावी, खपावरून नको. तीन महिन्यांचा साठा कायम हाताशी असावा. ई-औषधी प्रणालीत शिल्लक दिसतेच, तीच दर सोमवारी केंद्राच्या फळ्यावर खडूनं लिहावी : ॲम्लोडिपिन इतक्या, टेल्मिसार्टन इतक्या, क्लोरथॅलिडोन इतक्या. तुटवडा पडला तर रुग्ण कल्याण समितीनं स्थानिक खरेदी करावी, जिल्हा नियोजन समितीनं त्यासाठी वेगळी रक्कम राखावी. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरही मोफत झाला, हे चांगलंच झालं. पण खिडकीवर ‘गोळी नाही’ ऐकणाऱ्याला केसपेपर मोफत असल्याचा काय उपयोग?

८. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांपर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो. अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं. ज्या गोळीनं हे टळलं असतं, ती रोजची गोळी मात्र योजनेत नाही, कारण तिच्यासाठी माणूस दवाखान्यात भरती होत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा-तीनदा एसटीनं परभणीला किंवा नांदेडला जाणाऱ्या घरातली माणसं काय काय विकतात, ते आपण पाहतो. आमदारांनी हा प्रश्न विधानसभेत विचारावा.

९. मोजा आणि जाहीर करा. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. त्याची पद्धत साधी : ठरलेल्या मोजक्या गोळ्या ठरलेल्या क्रमानं, गोळीचा साठा अखंड, मोजणी आणि पाठपुरावा परिचारिकेच्या हाती आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्कारानं त्याची दखल घेतली गेली. मराठवाड्यातला एकही जिल्हा त्या पहिल्या चारांत नव्हता. पुढे देशानं १७ मे २०२३ला साडेसात कोटी बीपी-मधुमेहाच्या रुग्णांना २०२५ पर्यंत उपचारांखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. पण ‘उपचारांखाली आणले’ हा आकडा फसवा ठरू शकतो. तपासणी शिबिरात ज्याचं नाव लिहिलं, तो त्यात आला. नंतर त्यानं गोळी घेतली का, त्याचा आकडा १४०-९०च्या खाली आला का, हे त्यातून कळत नाही.

म्हणून जिल्हा परिषदेनं दर तीन महिन्यांनी नऊही तालुक्यांचे तीन आकडे जाहीर करावेत : नोंदलेले रुग्ण किती, गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष येऊन गोळी नेलेले किती, आणि शेवटच्या मोजणीत बीपी आटोक्यात असलेले किती. सेलूचा आकडा पूर्णेशेजारी, मानवतचा पाथरीशेजारी छापला जाऊ दे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या जनऔषधवैद्यक विभागाच्या विद्यार्थ्यांनी दर तिमाहीला प्रत्येक तालुक्यातली काही गावं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, घरी जाऊन यादीतल्या रुग्णांना पाच मिनिटं शांत बसवून दोनदा बीपी मोजावा, पिशवी पाहावी आणि जाहीर झालेले आकडे खरे आहेत का ते तपासावं. पुढच्या ग्रामसभेत आशाताईंच्या अहवालानंतर आपल्या गावाचे हे तीन आकडे वाचून दाखवा, असा अर्ज कोणत्याही गावकऱ्याला देता येतो. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, पोच घ्यावी आणि प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवावी.